कचरा टाकणाऱ्याला हटकायचं कसं: नाशिककरांसाठी

हटकण्यामागे एकच हेतू ठेवा. जमिनीवर पडलेलं ते पाकीट, तो कप किंवा ती पिशवी टाकणाऱ्याच्याच हाताने उचलली जावी आणि डब्यात जावी. त्याला लाज वाटावी, त्याने चुकलो म्हणावं, आजूबाजूच्यांनी माना डोलवाव्यात, यातलं काहीही मागू नका. ते मागायला गेलात की पाकीट जागेवरच राहतं आणि डोक्यात फक्त भांडण उरतं. पुढचं सगळं या एका हेतूला धरून आहे.

बोलण्याआधी

नाशिकमध्ये घंटागाडी दारोदार फिरते, त्यामुळे घरच्या कचऱ्याची सोय आहे. रस्त्यावर हातात उरलेल्या वेफर्सच्या पाकिटाची सोय मात्र सगळीकडे नाही. म्हणून आपल्या रोजच्या वाटेवरचे डबे एकदा चालत जाऊन बघून ठेवा: जॉगिंग ट्रॅकच्या कुठल्या टोकाला आहे, बसस्टँडच्या कुठल्या फलाटाशी आहे, कोणत्या रसवंतीवाल्याने स्वतःचा ठेवलाय. डबा पन्नास पावलांच्या आत नसेल तर नुसतं हटकून उपयोग नाही. तिथे आपल्याजवळ पिशवी हवी. पिठाची किंवा तांदळाची ५-१० किलोची रिकामी पिशवी उत्तम. ती जाड असते, तोंड उघडं राहतं, रसाचा अर्धा भरलेला ग्लास टाकला तरी गळत नाही. भाजीची पातळ कॅरीबॅग वाऱ्याने चिकटून बसते आणि ती उघडण्यात जे चार क्षण जातात, तेवढ्यात समोरचा निघून जातो.

शक्यतो दोघांनी असावं, पण बोलायचं एकानेच. दुसऱ्याने चार-पाच पावलं मागे उभं राहायचं. दोघं एकदम बोलायला लागले की समोरच्याला घेराव घातल्यासारखं वाटतं.

पहिले दहा सेकंद

वस्तू पडली की लगेच बोला, माणूस अजून तिच्याजवळ असताना. तो पंधरा-वीस पावलं पुढे गेला असेल तर मागे धावू नका, हाकही मारू नका. परत मागे यायला लावणं त्याला शिक्षा वाटते, आणि दुरून मारलेली हाक सगळा रस्ता ऐकतो.

समोर उभं राहून वाट अडवू नका. बाजूने या, दोन हात अंतर ठेवा आणि आवाज त्याच्यापुरताच ठेवा. बोट दाखवायचं नाही. दाखवायचंच असेल तर उघड्या तळव्याने वस्तूकडे दाखवा, माणसाकडे नाही.

मग क्रियापद सांभाळा. मराठीने इथे आपल्याला मोठी सोय करून दिली आहे. ‘तुम्ही पाकीट टाकलंत’ यात कर्ता तो आहे, म्हणजे आरोप आला. ‘दादा, पाकीट पडलं तुमचं’ यात पाकीट स्वतःच पडलं आहे. त्याने टाकलं हे दोघांनाही ठाऊक असतं, पण या वाक्यानंतर ‘अरे हो’ म्हणून वाकायला वाट मोकळी राहते. बरेच जण तेवढ्यावर वाकतात. हे वाक्य खोचकपणे म्हटलं तर मात्र टोमणा होतो, म्हणून एखाद्याचा रुमाल पडल्यावर ज्या सुरात सांगतो त्याच सुरात म्हणा.

म्हणून झालं की गप्प बसा. मनात तीन अंक मोजा. इथेच बहुतेकांचा तोल जातो. शांतता सोसत नाही, म्हणून लगेच ‘असं टाकू नये हो’ असं पुढचं वाक्य जोडलं जातं आणि वाकणारा माणूस ताठ होतो.

तीन मोजूनही हालचाल नसेल तर दुसरं वाक्य जागेचं: ‘डबा तिथे आहे, त्या रसवंतीशेजारी.’ तरीही नाही, तर तिसरं: ‘माझ्याकडे पिशवी आहे, यात टाका.’ पिशवी उघडून कमरेच्या उंचीला धरा. उचलायचं त्याने. आपण वाकून त्याच्या हातात देऊ नये, कारण मग कचरा उचलायला कुणीतरी असतंच हीच सवय पक्की होते. त्याने उचललं की ‘बरं झालं, थँक्यू’ एवढं म्हणून निघा. त्यावर उपदेश जोडला तर पुढच्या वेळी तो कुणाचंही ऐकणार नाही.

तीन वाक्यांत झालं नाही तर चौथं नको. माणूस गेल्यावर ते आपण उचलून पिशवीत टाकायचं, तो बघत असताना नाही. त्याच्यादेखत उचललं की तो टोमणा समजतो.

हाक मारताना वय बघा. तरुणाला दादा किंवा भाऊ, बाईमाणसाला ताई किंवा मावशी, वयस्कांना काका-काकू. ‘ओ मिस्टर’ आणि ‘हॅलो, एक्स्क्यूज मी’ यांनी सुरुवातच साहेबी होते. लहान मुलाने टाकलं असेल तर मुलाला बोलू नका. मूल लगेच उचलेल, पण आईला वाटतं की माझ्या लेकराला परक्याने झापलं. ‘ताई, बाळाचं पाकीट पडलं’ असं आईला म्हणा, ती स्वतःच मुलाकडून उचलून घेते.

काय म्हणू नये

‘घरात असंच टाकता का?’ हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आणि सगळ्यात वाईट वाक्य. घर काढलं की पाठोपाठ आई-बाप आणि संस्कार येतात, आणि पाकीट विसरलं जातं. ‘शिकलेले दिसता की’ याचंही तेच. ‘दंड होईल बरं का’ हेही नको. दंड करण्याचा अधिकार महापालिकेने नेमलेल्या कर्मचाऱ्यांनाच आहे, आपण पावती फाडू शकत नाही हे समोरच्याला माहीत असतं. आपण महापालिकेचे आहोत असं भासवणं तर सरळसरळ गुन्हा आहे. कायदा माहीत असावा, पण खिशात. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारीत किंवा पाण्यात कचरा टाकायला, जाळायला, पुरायला बंदी घातली. कुणी ‘नियम कुठे आहे?’ असं खरंच विचारलं तरच हे सांगा.

उलट उत्तरं आणि त्यांचं काय करायचं

‘डबा आहे का कुठे इथे?’ हे भांडण नाही, हा अर्धा होकार आहे. लगेच डबा दाखवा किंवा पिशवी पुढे करा.

‘तुम्ही कोण सांगणारे?’ याला ‘जागरूक नागरिक’ वगैरे उत्तर देऊ नका. ‘मी इथलाच, रोज येतो इथे’ पुरेसं आहे.

‘सगळेच टाकतात.’ वाद घालू नका, कारण ते खरं आहे. ‘हो, टाकतात. एवढं एक यात जाऊ द्या,’ म्हणा आणि पिशवी पुढे धरा.

‘घरपट्टी भरतो, महापालिका उचलेल.’ यावर एकच सांगा: झाडू सकाळी लागतो, तोपर्यंत हे गाईच्या पोटात किंवा गटारीत गेलेलं असतं. पंचवटीत, रविवार कारंजापाशी मोकाट गाई कुठेही दिसतात, त्यामुळे हे पटायला वेळ लागत नाही. उरलेल्या अन्नासकट गाठ मारलेली पिशवी गाय अख्खी गिळते. प्लॅस्टिक पोटात साचत जातं, पचत नाही आणि बाहेरही पडत नाही.

‘आधी नदीत ड्रेनेज सोडतात ते बघा.’ हा मुद्दा खोटा नाही, तो झटकू नका. ‘बरोबर आहे, त्याचीही तक्रार करायला हवी. हे मात्र आत्ता होईल,’ एवढं म्हणा.

शिवी आली, अंगावर येण्याची भाषा आली, तोंडाला दारूचा वास आला, किंवा समोर तिघा-चौघांचं टोळकं असेल, तर तिथेच थांबा. वळताना ‘बरं, राहू द्या’ एवढंच बोला.

गंगेवर

नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात, आणि घाटावर हटकताना हा शब्द विसरून चालत नाही. पुलावर दुचाकी थांबते, डिकीतून गाठ मारलेली पिशवी निघते, कपाळाला लागते आणि कठड्यावरून खाली जाते. आपण घाण करतोय असं त्या माणसाला अजिबात वाटत नाही. देवाला वाहिलेलं पायदळी येऊ नये म्हणून तो दूरवरून आलेला असतो. त्यामुळे ‘कचरा’ हा शब्द इथे तोंडातून काढायचा नाही. ‘निर्माल्य’ म्हणायचं.

पिशवी सुटायच्या आधी बोलता आलं तर पाहा, कारण पडल्यावर काही करता येत नाही. म्हणून पुलावर उभं राहणाऱ्याने कठड्याशी नाही, तर गाड्या थांबतात तिथे उभं राहावं. गाडी स्टँडवर लागली की: ‘नमस्कार, निर्माल्य आहे ना? द्या, कलशात टाकू.’ जवळ निर्माल्य कलश असेल तर तो दाखवा. त्याने ‘पाण्यातच सोडायचं असतं’ म्हटलं तर शास्त्रार्थ करू नका. अंधश्रद्धा वगैरे शब्द काढले की संभाषण संपलं. त्याऐवजी असं सुचवा: खाली घाटावर जा, एक फूल गंगेला वाहा, उरलेल्यावर गंगेचं पाणी शिंपडा आणि ते कलशात द्या. यात त्याचा भाव राहतो आणि पाण्यात एकच फूल जातं. तेवढंही मान्य नसेल, तर निदान पिशवी मागून घ्या. फुलं गेली, प्लॅस्टिक राहिलं, हाही फायदाच.

पिशवी उघडल्यावर काय निघतं ते माहीत असावं, म्हणजे हात थांबत नाहीत. दोऱ्यात ओवलेले हार, अगरबत्तीचा पुडा, कापराची डबी, कुंकवाची प्लॅस्टिकची पुडी, देवांची जुनी कॅलेंडरं, तडकलेल्या काचेच्या तसबिरी. हाराचा दोरा कापून वेगळा करा. तो बहुधा नायलॉनचा असतो, खतात कुजत नाही. फुलं-पानं-दूर्वा कलशात. तसबिरीची काच काढून वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळा, वर ‘काच’ लिहा आणि सुक्या कचऱ्यात वेगळी द्या, नाहीतर घंटागाडीवरच्या माणसाचा हात कापतो. कॅलेंडर रद्दीत द्यायला लोक कचरतात. त्यांना सांगा की घरीच बादलीत भिजवून लगदा करा आणि झाडाच्या बुडाशी घाला. चकचकीत प्लॅस्टिकचा थर असलेला कागद मात्र भिजत नाही, तो सुक्या कचऱ्यात जातो.

‘फुलंच तर आहेत, कुजतील की,’ असं पुष्कळदा ऐकू येतं. कुजतात हे खरं, पण कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. उन्हाळ्यात पाणी संथ असतं, तेव्हा वास सुटतो आणि मासे तडफडतात. हे सांगायचं असेल तर सगळं आटोपल्यावर, तेही त्याने विचारलं तरच.

रामकुंडावर अस्थिविसर्जनाला किंवा दशक्रियेला आलेल्या माणसांना त्या वेळी काहीही बोलू नका. घरात माणूस गेलेला असतो. तिथे बोलायचं ते विधी सांगणाऱ्या गुरुजींशी आणि पूजेचं साहित्य विकणाऱ्यांशी, तेही दुपारी गर्दी ओसरल्यावर. साहित्य प्लॅस्टिकऐवजी पानात किंवा कागदात बांधलं, तर नदीत जाणारं प्लॅस्टिक तिथेच थांबतं. गुरुजींनी ‘पिशवी बाजूला ठेवा’ म्हटलं तर यजमान एका शब्दात ऐकतो, तुमचं-आमचं तसं ऐकणार नाही.

घाटावर बाहेरगावचे यात्रेकरू खूप, आणि २०२७च्या सिंहस्थात ते कितीतरी वाढणार. हिंदीतली दोन वाक्यं तोंडात बसवून ठेवा: ‘भाईसाहब, आपका कुछ गिर गया’ आणि ‘फूल इस कलश में दीजिए, थैली मुझे दे दीजिए’. मोडक्या हिंदीत भारंभार समजावण्यापेक्षा एवढंच बरं.

टपरी आणि गाड्या

चहाच्या टपरीभोवती पंचवीस कप पडले असतील तर पंचवीस जणांना हटकू नका, टपरीवाल्याशी बोला. तेही सकाळच्या गर्दीत नाही, दुपारी तीनच्या सुमारास. डबा बहुतेकांकडे असतो, पण गाडीच्या आतल्या बाजूला, त्याच्या स्वतःच्या सोयीने. गिऱ्हाईक मात्र चहा घेऊन तीन-चार पावलं दूर उभं राहतं आणि कप तिथेच सोडतं. डबा तिथे हवा, जिथे शेवटचा घोट संपतो. तेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा पुरतो. वरचं झाकण पूर्ण कापा, कडा आत ठोकून घ्या आणि तळाशी अर्धी वीट ठेवा. वीट नसली तर रिकामा डबा वाऱ्याने किंवा कुत्र्याने आडवा होतो आणि दोन दिवसांत टपरीवाला कंटाळून तो उचलून ठेवतो. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, तो ‘कागदच आहे’ म्हणून मातीत जाऊ देऊ नका. फेरीवाल्यांनी स्वतःचा डबा ठेवावा हे त्या २०१६च्या नियमांतही होतं, पण टपरीवाल्याशी बोलताना नियमापेक्षा ‘गिऱ्हाईक स्वच्छ जागी जास्त वेळ उभं राहतं’ हे जास्त कामाला येतं.

पातळ कॅरीबॅग देणाऱ्या दुकानदाराला मात्र नियमच सांगा. राज्यातली प्लॅस्टिकबंदी २३ मार्च २०१८ची आहे, पहिल्यांदा सापडल्यास ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००. हा हिशेब तो चटकन करतो.

चालत्या गाडीतून

कारच्या काचेतून बाटली बाहेर आली तर द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या सिग्नलला काच ठोठावायला जाऊ नका. हिरवा लागायच्या आत ते तीन सेकंदांचं मौन जमत नाही, आणि मागून येणाऱ्या दुचाकीखाली तुम्ही येता. पाठलाग नको. दुचाकीची किल्ली काढून घेणं, गाडीपुढे उभं राहणं हे तर अजिबात नको. दुसऱ्याची वाट बेकायदा अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे, आणि मग कचरा टाकणारा फिर्यादी होतो. तक्रारीसाठी गाडीचा नंबर, जागा आणि वेळ लिहून घ्या.

थुंकणाऱ्याला रस्त्यात हटकू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पाकीट उचलता येतं, पिचकारी उचलता येत नाही. त्याच्या हातून आता काहीच होण्यासारखं नसतं, म्हणून त्याच्यापाशी वाद घालण्यापलीकडे पर्याय राहत नाही. सोसायटीच्या जिन्यात, ऑफिसात, रिक्षात, म्हणजे जिथे तोच माणूस रोज भेटतो, तिथे थुंकण्याआधी बोला. जिन्यात देवांच्या फरशा लावण्याचा उपाय सर्रास दिसतो. आम्हाला तो पटत नाही. पिचकारी दोन हात सरकते, आणि देवाला राखणीला बसवल्यासारखं होतं.

कॉलनीतला कोपरा

प्रत्येक कॉलनीत एक खांब किंवा रिकामा प्लॉट असा असतोच, जिथे कोण टाकतं ते कुणालाच ठाऊक नसतं. इथे हटकण्याआधी सात दिवस फक्त बघा, सकाळी ६ ते ८ आणि रात्री ९ ते ११. वहीत वेळ आणि कचऱ्याचा प्रकार लिहा: कोबीची पानं आणि कांद्याची सालं ढिगाने असली तर खानावळ, डायपर असतील तर लहान बाळाचं घर, विटांचे तुकडे असतील तर कुठेतरी काम चालू आहे. पिशव्या फोडून नावाची पावती शोधणं आणि ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं हा प्रकार करू नका. ज्याचं नाव तिथे झळकलं, तो पुढची दहा वर्षं कुठल्याही कामाला येत नाही.

माणूस कळला की घरी जा. दोघं जा, त्यातलं एक वयाने मोठं आणि त्या घराच्या ओळखीचं असावं. दारात उभ्याने बोलू नका, बसा. पहिला प्रश्न कचऱ्याचा नाही, गाडीचा: ‘तुमच्याकडे घंटागाडी किती वाजता येते हो?’ बहुतेक वेळा खरं कारण इथेच निघतं. सातपूर-अंबडच्या पहिल्या पाळीला जाणारा सकाळी सहाला घर सोडतो, गाडी नऊला येते. दुकानदार रात्री दहाला शटर ओढतो तेव्हा गाडी नसतेच. अशा माणसाला सवय लावायची नसते, सोय लावायची असते. शेजारच्या काकूंकडे ओला आणि सुका असे दोन झाकणाचे डबे ठेवा, गाडी आली की त्या देतील. एकाच वेळेची अडचण पाच-सहा घरांची असेल, तर सगळ्यांच्या सह्यांचं पत्र विभागीय कार्यालयातल्या स्वच्छता निरीक्षकाकडे द्या. पत्रात ‘गाडी येत नाही’ असं मोघम नको. आठ दिवसांच्या तारखा आणि गाडीची वेळ लिहा.

घरोघर बोलून झालं की कोपरा एकाच दिवशी पूर्ण साफ करा. अर्धवट साफ केला तर उपयोग शून्य. माणूस आधीच घाण असलेल्या जागी जास्त टाकतो, स्वच्छ जागी हात आखडतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या प्रयोगांत नेमकं हेच दाखवलं. सफाईनंतरचे पहिले तीन आठवडे निर्णायक. रोज सकाळी आठच्या आत तिथे पडलेली पहिली पिशवी उचला, कारण दुसरी पिशवी पहिलीकडे बघूनच येते. रांगोळी, कुंड्या, बाकडं हे त्यानंतर.

जिथे बोलायचंच नाही

पांडवलेणीच्या पायथ्याशी, सोमेश्वरच्या आसपास, गंगापूर धरणाच्या काठी संध्याकाळनंतर बाटल्या घेऊन बसलेल्या टोळक्यांपाशी जाऊ नका, मग आपण चौघं असलो तरी. धोका वाटला तर ११२. काचा दुसऱ्या दिवशी सकाळी जाड बुटांनिशी आणि कातडी हातमोज्यांनी गोळा करा, पोत्यात न भरता बादलीत, कारण पोतं पाठीवर घेतलं की काच आरपार येते. एकट्या बाईने अंधार पडल्यावर कुणालाही हटकू नये. मोबाइल कॅमेरा तोंडासमोर धरून हटकणं कुणीच करू नये. फोन वर आला की समोरचा कचऱ्यासाठी नाही, इज्जतीसाठी भांडतो.

फोटो काढायचा तो कचऱ्याचा आणि जागेचा. केंद्राच्या स्वच्छता अ‍ॅपवर किंवा महापालिकेकडे तक्रार करताना फोटोत एखादी न हलणारी खूण येऊ द्या: विजेच्या खांबाचा नंबर, दुकानाची पाटी, मंदिराचा कळस. विभाग बरोबर लिहा. पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक, सातपूर असे सहा आहेत, आणि सिडकोची, म्हणजे नवीन नाशिकची, तक्रार सातपूरला गेली की चार दिवस त्यातच जातात. तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. ‘निवारण झाले’ असा निरोप आला आणि ढीग तसाच असेल, तर त्याच दिवशी, त्याच कोनातून, तीच खूण दिसेल असा दुसरा फोटो काढा आणि जुना नंबर घालून तक्रार पुन्हा उघडा. नवी तक्रार करू नका, कारण मग जुनी ‘निवारण’ म्हणूनच मोजली जाते.